गुडघा टेकण्यापूर्वी

मोटारसायकल वळणात इतकी झुकवायची की आतला गुडघा डांबराला घासून जावा, ही विद्या शिकता येते, शिकवता येते आणि तिला ना मोठ्या इंजिनाची अट आहे, ना जिवावर उदार होण्याची. एवढं एक वाक्य पटवून देण्यासाठी हे पुस्तक लिहिलं. त्याला लगेच दुसरं वाक्य जोडतो: ही विद्या रस्त्यावर शिकायची नाही आणि शिकून झाल्यावर रस्त्यावर दाखवायचीही नाही. मग शिकायची तरी कशाला, असं कुणीही विचारेल. या प्रश्नाचं उत्तर देण्यापुरती ही प्रस्तावना. पवित्र्याचा आणि सरावाचा सगळा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे.

पुस्तक बेळगावजवळच्या मच्छेत लिहिलं गेलं याला कारण इथला भूगोल. बेळगावहून निघालं की पिरनवाडीला रस्ते फुटतात. एक मच्छेवरून खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोडचा घाट उतरतो. दुसरा किणये, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटातून गोव्यात साखळीकडे जातो. शहराच्या पश्चिमेला शिनोळी, चंदगड आणि पुढे आंबोली. उत्तरेला पुणे-बंगळूर महामार्ग, त्यावर आधी वंटमुरीचा घाट आणि निपाणी जवळ आली की तवंदीचा. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस यांतला कुठलाही एक घाट करून दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. त्यात मच्छे-उद्यमबागेत फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सीएनसी यांवर राबणारी तरुण पोरं आणि गावातच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. यंत्रावर जीव असलेली माणसं आणि वळणांचे रस्ते असे शेजारी आले, की पुढचं कुणी शिकवावं लागत नाही. रविवारी सकाळी जांबोटी रोडला टपरीपुढे गाड्या लागतात आणि हटकून दोन विषय निघतात. टायर कडेपर्यंत झिजलाय का, हा एक. आणि दुसरा, "गुडगा टेकला काय गा?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज बहुतेकांना मोबाइलवर मिळतं. दहा-वीस सेकंदांची चित्रफीत, त्यात रंगीत सूट घातलेला कुणीतरी वळणात आडवा झालेला आणि गुडघ्याखालून उडणारा भुसा. बघणाऱ्याला शेवटचा क्षण दिसतो. त्याआधीचा ब्रेक, त्याआधी सीटवरून सरकलेलं अंग, त्याआधी वळणाच्या शेवटाकडे गेलेली नजर यांतलं काही दिसत नाही. मग पोरगा काय करतो? त्याला जे दिसलं तेच करतो. गुडघा बाहेर काढतो आणि जमिनीकडे ताणतो. अंग सीटच्या मधोमध, हात ताठ, नजर पुढच्या चाकाच्या चार हात पुढे आणि गुडघा तेवढा बाहेर. या अवस्थेत गुडघा टेकतच नाही. टेकलाच तर त्याच्याबरोबर सायलेन्सर, साइड स्टँड आणि माणूस असं सगळंच टेकतं.

मशीनशॉपमध्ये दोन भागांमधली बारीक फट मोजायला फिलर गेज वापरतात. पोलादाची पातळ पाती असतात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. फटीत सरकवून बघायचं. जे जरासं घासून जातं, तेवढी तुमची फट. पातं फट लहान-मोठी करत नाही, जी आहे ती सांगतं. वळणातला गुडघा हेच काम करतो. गाडी किती झुकली आहे आणि अजून किती झुकायची जागा शिल्लक आहे, हे तो न बघता सांगतो. गाडीवर बसलेल्या माणसाला झुकावाचा अंश डोळ्यांनी कळत नाही. पंचवीस अंशांवरच त्याला आपण जमिनीला लागलो असं वाटायला लागतं. गुडघा एकदा ठरावीक उंचीवर टेकायला लागला, की प्रत्येक वळणात तुलनेला एक पक्कं माप मिळतं. शर्यतीतला माणूस गुडघा टेकवतो तो या मापासाठी.

यातून दुसरी गोष्टही निघते. गुडघा टेकला म्हणून कुणी चांगला चालक ठरत नाही. लांब पायांचा माणूस बुटक्या, हलक्या गाडीवर पुरेसा बाहेर सरकला, तर त्याचा गुडघा कमी झुकावातच टेकेल. त्याच्याहून सफाईदार चालवणारा, पण आखूड पायांचा माणूस उंच गाडीवर तसाच कोरडा राहील. माप मापाच्या जागी, कसब कसबाच्या जागी.

ही पद्धत आली कुठून, हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण ती फार जुनी नाही. १९५०च्या दशकात इंग्लंडचा जेफ ड्यूक ५०० सीसी गटाचा जगज्जेता होता. त्या काळची आदर्श बैठक म्हणजे गुडघे टाकीला चिकटलेले, पाठ वाकलेली आणि शरीर गाडीच्या रेषेतच. गाडी जेवढी झुकेल तेवढाच माणूस. १९७०च्या आसपास टायर रुंद झाले, त्यांची पकड वाढली आणि गाड्या एवढ्या झुकायला लागल्या की टायरची पकड संपण्याआधी लोखंडच रस्त्याला घासू लागलं. मग शरीर आतल्या बाजूला काढून गाडी थोडी उभी ठेवण्याची युक्ती पुढे आली. फिनलंडचा यार्नो सारिनेन त्यात आघाडीवर होता. तो १९७२ साली २५० सीसी गटात जगज्जेता झाला आणि २० मे १९७३ रोजी इटलीत मोंझाच्या शर्यतीत अपघातात मरण पावला. अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स मातीच्या ट्रॅकवरून आलेला. त्याने ही बैठक इतकी पुढे नेली की गुडघा रस्त्याला घासणं हा त्याच्या चालवण्याचा नेहमीचा भाग झाला. १९७८, १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ तीन वर्षं ५०० सीसीचं जगज्जेतेपद त्याने घेतलं, तेव्हा इतरांना पर्याय उरला नाही. त्या काळी गुडघ्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळत. आज त्याची जागा स्लायडरने, म्हणजे गुडघ्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या वडीने, घेतली आहे. मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेचे चालक आता साठ अंशांच्या पलीकडे झुकतात आणि त्यांचं कोपरही टेकतं.

शिकवण्याची शिस्त आली ती कीथ कोडमुळे. त्याने १९८० साली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढलं. वळण घेणं हे धाडसाचं काम न मानता त्याचे सुटे सुटे भाग करून एकेक भाग घोटून घ्यायचा, ही त्याची रीत. पुढे हे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवरही भरले.

आपल्याकडे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा. त्यांच्या शर्यती वर्षानुवर्षं शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. १९९०पासून श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक आला. कोइमतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा, सुमारे २.१ किलोमीटर लांबीचा करी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट २०११चा. तिथे सप्टेंबर २०२३मध्ये भारतातली पहिली मोटोजीपी झाली आणि मार्को बेझेकी जिंकला. पण देशातल्या मोटारसायकल शर्यतींचा खरा कणा दक्षिणेतले दोन ट्रॅकच राहिले. आपल्या सीमाभागाच्या सर्वांत जवळ म्हणाल तर कोल्हापूरचा मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक. तो कार्टिंगचा, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. मच्छेपासून चेन्नईचा ट्रॅक साडेआठशे किलोमीटरच्या घरात. जाणं, राहणं, सूट, टायर, फी यांचा खर्च धरला तर शिफ्टवर जाणाऱ्या पोराच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

गाड्यांचं मात्र उलट झालं. आपल्या आधीच्या पिढीकडे राजदूत ३५० आणि आरएक्स १०० होत्या. दमदार, पण टायर आणि ब्रेक जेमतेम. २००८ साली यामाहाची आर१५ आली आणि दीडशे सीसीच्या गाडीला शर्यतीच्या गाडीसारखी चौकट मिळाली. पुढे चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या आरसी गाड्या आल्या, डिसेंबर २०१७मध्ये टीव्हीएसची अपाची आरआर ३१० आली. आज मच्छेच्या कारखान्यांच्या पार्किंगमध्ये या गाड्या उभ्या असतात. ४० अंश झुकायची ताकद असलेली गाडी हप्त्यावर मिळते. ती ताकद वापरायला शिकवणारी जागा हप्त्यावर मिळत नाही. हे पुस्तक त्या फटीत बसतं.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वळणात किती झुकावं लागेल हे मुळात दोन गोष्टींवर ठरतं: वेग आणि वळणाची त्रिज्या. गाडीचं वजन आणि सीसी यांचा त्यात संबंध नाही. ४० अंशांचा झुकाव घ्या. बहुतेकांचा गुडघा याच्या आसपास टेकतो. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात हा झुकाव ताशी ३३ किलोमीटरलाच येतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात त्याला ताशी ७३ लागतात आणि १०० मीटरच्या लांब वळणात ताशी १०३. तिन्ही ठिकाणी झुकाव तोच, गुडघ्याला लागणारं डांबर तेच. फरक पडतो तो पडल्यावर. ताशी ३३ला पूर्ण पोशाखात घसरलेला माणूस बहुधा उठून गाडी उचलतो. ताशी १०३ला घसरलेल्याचं पुढे काय होईल, हे समोर काय आहे यावर अवलंबून. म्हणून शिकायचं ते लहान वर्तुळात. हा या पुस्तकाचा पहिला नियम.

दुसरं गणित पकडीचं. कोरडं, बरं डांबर आणि साधा टायर यांच्यातला घर्षणांक ०.७ ते ०.८ धरला, तर ३५ ते ३९ अंशांवर हिशोब संपतो. म्हणजे ४० अंश ही साध्या टायरची सीमारेषा झाली. त्या पलीकडे जायला मऊ रबराचा, तापलेला टायर आणि स्वच्छ, खरखरीत पृष्ठभाग हवा. सीमारेषेवर असताना त्याच टायरकडून ब्रेकसाठी वेगळी पकड मागता येत नाही. जी होती ती वळण्यात खर्च झालेली असते.

तिसरं गणित अंग बाहेर काढण्याचं. माणूस ७० किलो, गाडी १५० किलो. माणसाने आपला भार १५ सेंटिमीटर आत सरकवला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ४.८ सेंटिमीटर आत येतो. हा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्याच वेगाला गाडी चार-साडेचार अंश कमी झुकवून भागतं. दिसायला किरकोळ. पण ४० अंशांची सीमा असताना चार अंश वाचणं म्हणजे खड्डा, वाळू, चुकलेला अंदाज यांसाठी दहावा हिस्सा राखून ठेवणं. अंग बाहेर काढायचं ते गाडी उभी राहावी म्हणून. गुडघा टेकावा म्हणून अंग काढणारे गाडीही तेवढीच पाडतात आणि मिळालेला फायदा तिथेच घालवतात.

शिकण्याचा क्रम पुस्तकभर सांगितला आहे. इथे त्याची रूपरेषा देतो. सुरुवात थांबलेल्या गाडीवर होते. गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या किंवा दोघा मित्रांना घट्ट धरायला सांगा. पायाचा चवडा फुटरेस्टवर, टाच नव्हे. उजवीकडे वळायचं तर कंबर उजवीकडे अशी सरका की अर्धी बैठक सीटबाहेर येईल. डावी मांडी आणि डावा गुडघा टाकीला दाबून धरा. छाती टाकीच्या उजव्या कडेकडे, हनुवटी जिथे उजवा आरसा असतो त्या दिशेला, उजवं कोपर वाकलेलं. आता दोन्ही हात हँडलवरून उचला. तसंच बसून राहता आलं तर बैठक पायांवर आहे. हात सोडल्याबरोबर खाली कोसळलात तर तुम्ही हँडलला लोंबकळत होतात. चालत्या गाडीवर हँडलला लोंबकळणं म्हणजे पुढच्या चाकाच्या प्रत्येक धक्क्यात ढवळाढवळ करणं. ही एक चाचणी पास होईपर्यंत पुढच्या पानाला हात लावू नका, असं मी म्हणतो आणि ते कुणाला आवडत नाही.

त्यानंतर हँडल. गाडी झुकवायची ती अंग फेकून झुकत नाही. हँडल ढकलून झुकते. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. आपण सगळे नकळत तेच करतो, पण नकळत केलेलं संकटात आठवत नाही. मोकळ्या, सरळ जागेत ताशी ३०-४०ला हलक्या हाताने डावी-उजवी मूठ ढकलून गाडी कशी झुकते ते बघा, म्हणजे मनातला गोंधळ जाईल.

मग रेस. वळणात शिरण्याआधी ब्रेक आणि गिअर आटपायचे, गाडी झुकली की रेस अगदी बारीक, एकसारखी उघडत न्यायची. मधेच घाबरून रेस तोडली की वजन एकदम पुढच्या टायरवर येतं आणि त्या टायरची पकड आधीच वापरात असते. नवशिक्यांच्या घसरण्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते. पहिल्यांदा गुडघा टेकतो तेव्हाही नेमकं हेच होतं. खर्रकन आवाज येतो, पाय दचकतो आणि उजवा हात रेस सोडतो. म्हणून त्या क्षणाची तयारी आधीच करायची: गुडघा टेकला तर तो आत घ्यायचा आणि हात जिथे आहे तिथे ठेवायचा. गुडघ्यावर भार कधीच टाकायचा नाही.

शेवटी वर्तुळ. सपाट, झाडून काढलेलं आवार, त्यात १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर शंकू मांडायचे आणि बाहेर सगळीकडून घसरायला मोकळी जागा सोडायची. ताशी २०ने सुरुवात. डोळे पुढच्या शंकूवर ठेवायचे नाहीत, वर्तुळाच्या पलीकडच्या अर्ध्यावर ठेवायचे. थोडा वेळ उजवीकडून, थोडा वेळ डावीकडून. बहुतेकांना एक बाजू सोपी जाते आणि दुसरी अंगावर येते. अंगावर येणारी बाजू आधी आणि जास्त करायची. वेग दोन-दोन किलोमीटरने वाढवायचा. ताशी तिशीच्या पुढे, बैठक बरोबर असेल तर, गुडघा आपणहून जमिनीला लागतो. ताणावा लागत असेल तर बैठकीत चूक आहे. थांबा आणि परत थांबलेल्या गाडीवर जा.

स्लायडर ही या शिक्षणाची वही आहे. नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकची ही वडी वेल्क्रोने गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बसते. सरावानंतर ती काढून उजेडात धरा. झीज वडीच्या तोंडावर पसरलेली असेल तर गुडघा नीट उघडलेला आणि घासणं हलकं आहे. एकाच कडेला तिरकी चकती गेली असेल तर गुडघा अर्धवट उघडतो. एका जागी खोल खड्डा असेल तर तुम्ही त्यावर रेलता आहात. दोन गुडघ्यांच्या वड्यांत मोठा फरक असेल तर कुठली बाजू कच्ची हे वेगळं विचारायला नको. टायरच्या कडेला न झिजलेली पट्टी राहते, तिला पोरं चिकन स्ट्रिप म्हणून हिणवतात. तिच्यावरून चालकाची परीक्षा करू नये. ती टायरचा आकार सांगते आणि थोडीफार रस्त्याची जात.

गाडीबद्दल एक इशारा. रोजच्या वापराच्या गाडीला डबल स्टँड, साइड स्टँड, सायलेन्सर, क्रॅशगार्ड असा खाली लोंबणारा पसारा असतो. फुटरेस्ट घडी होऊन वर जातो, म्हणून तो घासला तर सूचना मिळते आणि वेळही मिळतो. स्टँड घडी होत नाही. तो टेकला की मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि मग काही करायला वेळ राहत नाही. वर्तुळात उतरण्याआधी गाडी हळूहळू कलती धरून आधी काय टेकतं ते बघून घ्या.

आता घाटाकडे येतो, कारण हे पुस्तक हातात घेणाऱ्या निम्म्यांच्या मनात घाटच असणार. चोर्ल्याचं एक वळण कल्पनेने घ्या: डावीकडे वळणारं, त्रिज्या ५० मीटर, डाव्या हाताला डोंगर आणि झाडी, तुमच्या रेषेपासून साधारण ३ मीटरवर. अशा वळणात पुढचा रस्ता दिसतो फक्त ३५ मीटरच्या आसपास. गुडघा टेकायला लागणारा वेग ताशी ७३. त्या वेगात संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात २० मीटर गेले. त्यापुढे गाडी सरळ उभी असती तरी थांबायला ३० मीटर लागले असते. मिळून ५० मीटर. दिसतात ३५. आणि गाडी सरळ उभी नाही, ४० अंशांत आहे, म्हणजे ब्रेकसाठी पकड जवळजवळ शिल्लक नाही. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक असेल, तर तो चुकवणं तुमच्या कसबाच्या हातात राहिलेलं नाही.

३५ मीटरच्या आत थांबायचं तर वेग ताशी ५८च्या खाली हवा. समोरून तुमच्याच बाजूने ओव्हरटेक करत कुणी येत असेल, तर दिसणारा रस्ता दोघांनी वाटून घ्यायचा. मग वेग ताशी ३६वर उतरतो. हे आकडे कोरड्या, स्वच्छ रस्त्याचे आहेत. आपल्या भागात तो वर्षातून किती दिवस तसा असतो? जून ते सप्टेंबर आंबोली आणि कणकुंबीकडे पाऊस, धुकं आणि कडेला शेवाळ. पाऊस ओसरला की उसाचा गाळप हंगाम. संकेश्वरच्या हिरण्यकेशी आणि निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वळणावळणावर सांडलेलं पाचट. उन्हाळ्यात लाल माती आणि जांभ्याची बारीक खडी चाकांनी रस्त्यावर येते. तवंदीसारख्या महामार्गाच्या घाटात अवजड गाड्यांचं डिझेल गळतं. शिवाय पांढरे पट्टे, गुरं, सहलीच्या गाड्या. घाटातला वेग तुमच्या गुडघ्याने ठरत नाही, तुम्हाला किती रस्ता दिसतो यावर ठरतो. हा या पुस्तकाचा दुसरा नियम, आणि पहिल्यापेक्षा मोठा.

मग आवारात शिकलेल्या विद्येचा घाटात उपयोग काय? भरपूर. ४० अंश पाहून आलेल्या माणसाला २५ अंश घरच्यासारखे वाटतात. वळण मधेच आवळत गेलं तर न शिकलेला घाबरतो, रेस तोडतो, ब्रेक दाबतो आणि सरळ समोरच्या बाजूला जातो. शिकलेला मूठ आणखी थोडी ढकलतो, कारण गाडी अजून झुकू शकते हे त्याला ठाऊक असतं. नजर पुढे ठेवणं, वळणाआधी वेग आटपणं, हात सैल, रेस एकसारखी, डोकं जरासं आत: हे सगळं घाटात जसंच्या तसं चालतं. गुडघा मात्र टाकीजवळ ठेवायचा. जो झुकाव वापरला नाही तीच तुमची शिल्लक. ती शिल्लक असलेला माणूस संध्याकाळी घरी येतो.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८९प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाटाच्या वळणावर मित्र मोबाइल धरून उभा आणि आपण तिथून चारदा येरझाऱ्या, याला सराव म्हणणं पोलिसांना पटणार नाही. पटूही नये. त्या रस्त्याने एसटी जाते, शाळेची पोरं जातात, दुधाचे कॅन लावलेली दुचाकी जाते. त्यांनी तुमच्या शिक्षणाचा धोका का पत्करावा?

पोशाखात तडजोड नाही. पूर्ण चेहऱ्याचं, आयएस ४१५१ मानकाचं, नीट बसणारं हेल्मेट. कातड्याचा सूट, निदान चेन लावून जोडता येणारं जाकीट आणि पँट. मनगट झाकणारे हातमोजे. घोटा झाकणारे बूट. जीन्सवर वेल्क्रो शिवून स्लायडर लावणारे पाहिले आहेत. स्लायडर गुडघ्याचा तेवढा भाग वाचवतो, बाकीचं अंग नाही. पैसे कमी असतील तर स्लायडर शेवटी घ्या, बूट आधी.

पुस्तकाची रचना शिकण्याच्या क्रमाने केली आहे: गाडीची तपासणी, बैठक, हँडल, रेस, नजर, वर्तुळ, आठाचा आकडा, मग ट्रॅकवरचा पहिला दिवस आणि शेवटी, सर्वांत मोठं प्रकरण, घाट. गुडघा कधी टेकतो याचं वेगळं प्रकरण नाही. वर्तुळाच्या प्रकरणात तो कुठेतरी टेकून जाईल. ज्यांचा टेकणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पुढची प्रकरणं त्यांच्याही कामाची आहेत. ज्यांना अजून लायसन्स नाही त्यांनी पुस्तक वाचावं आणि गाडी घरात ठेवावी.

शेवटी एक मागणं. मच्छे, उद्यमबाग आणि कागल-कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात मोठी, सपाट, काँक्रीटची आवारं रविवारी रिकामी पडलेली असतात. कारखानदारांनी आणि तांत्रिक महाविद्यालयांनी महिन्यातून एक रविवार, सकाळचे तीन तास, असं एखादं आवार द्यावं. झाडून घेणं, शंकू मांडणं, रुग्णवाहिकेची सोय करणं, हेल्मेट-बूट नसलेल्याला फाटकावरूनच परत पाठवणं, ही कामं चालकांनी अंगावर घ्यावीत. जागा नाही म्हणून पोरं घाटात जातात. जागा मिळाली तर निम्मी तरी आवारात येतील, आणि आवारात आलेल्यांना घाटाचा हिशोब समजावून सांगणं फार सोपं आहे.

— लेखक
मच्छे, जि. बेळगाव